बाज्या पोचला

१

आमचं ऑफिस म्हणजे नंदुरबारात उत्तमचंदशेठच्या मिरचीच्या गोदामावरची एक खोली. हंगाम सुरू झाला की आम्ही चौघं दिवसभर शिंकतो. आल्यागेल्याला वाटतं, या संस्थेत बारमाही सर्दी आहे. शिंकत शिंकतच मी दहाला खुर्चीत बसते, कॉम्प्युटर सुरू करते आणि टिंग वाजायची वाट बघते. ती टिंग माझी आहे. म्हणजे मी केलेली. हे मी भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते. त्यात लाजायचं काय?

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि शेतांच्या कडेला पडाव टाकून राहतात. त्यांच्यासाठी आमच्या संस्थेने एक फोरम काढला होता. इंटरनेटवरचा पार म्हणा ना. प्रत्येक टोळीचं वेगळं पान. पोचलो, निघालो, कोणी आजारी आहे, पोरांच्या शाळेचं काय, जे असेल ते त्या पानावर लिहायचं. लोक इमानाने लिहायचे. वाचत मात्र कोणी नव्हतं. आम्ही चौघं दिवसभर टीमच्या चॅटवर, आणि फोरम उघडायची आठवण व्हायची आठवड्यातून एकदा. मागच्या वर्षी एका पानावर ‘बाईला ताप, गाडी पाठवा’ हे चार दिवस तसंच पडून होतं. बाई वाचली, पण आमच्या पुण्याईने नाही.

आमचे प्रमुख इंद्रसिंगभाऊ यांनी फोरम आणि चॅट जोडून द्यायला एका मोठ्या कंपनीला विचारलं. कंपनी म्हणाली, दोन महिने लागतील. मी तीन दिवसांत जोडलं. व्हिडिओ बघत, चुकत, पुन्हा करत. आता फोरमवर कोणी एक ओळ टाकली की ती त्याच क्षणी आमच्या चॅटमध्ये येऊन पडते आणि टिंग वाजते. निरोप कोणाच्या नावाने यावा, अशी एक रिकामी चौकट होती. इंद्रसिंगभाऊ म्हणाले, “मशीनसारखं नाव नको, घरच्यासारखं ठेव.” मी लिहिलं, बाज्या. हेच का सुचलं ते ठाऊक नाही. आमच्या गावात या नावाचं कोणी नाही.

दोधूमामाच्या टोळीसाठी मी आणखी एक युक्ती केली होती. दोधूमामा हा तिथला मुकादम. माझी धाकटी बहीण रिना आणि तिचा नवरा जान्या त्याच्याच टोळीत आहेत. टोळी चौदा जणांची, पण दोधूमामा कायम तेरा लिहितो. वाटेला लागलेल्या माणसाने स्वतःला मोजू नये, असं त्याला त्याच्या बापाने शिकवलंय. समजावून समजावून आम्ही थकलो. शेवटी मी बाज्यालाच शिकवलं, की या टोळीचा आकडा आला तर एक मिळवून सांगायचा. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

२

पौषातला मंगळवार होता. अकरा वाजले असतील. टिंग.

‘बाज्या: दोधू टोळी. नव्या पडावावर पोचलो. सगळे ठीक. १५.’

पंधरा कुठून आले? मी फोरम उघडून बघितला. दोधूमामाने चौदा लिहिले होते. म्हणजे माझी बेरीज बरोबर होती, म्हातारा सुधारला होता. मी खूश होऊन त्याला फोन लावला. नशिबाने लागला.

“दोधूमामा, शेवटी स्वतःला मोजलं ना?”

“हट्! सोताले मोजानं नही, बेन. कितला डाव सांगेल शे तुले.”

“मग चौदा कसे झाले?”

“आम्ही तेरा, आनि तुमना माणूस.”

“आमचा कोण?”

“आता असं काय करस? तूच धाडा ना त्याले? भलता कामना शे. मन्ही रेवाबाईले ताप उना, मी तठे लिखं, आनि दहा मिनिटमा तो दारम्हा उभा. तिले नंदुरबारले लई गया, दुसरा दिन आनी सोडी.”

रेवाबाई म्हणजे मामाची बायको. तिच्या तापाचा निरोप मी वाचला होता, त्यावर पडावाजवळच्या व्यारा गावातल्या एका ओळखीच्या नर्सला फोनही केला होता. नर्स पोचायच्या आतच बाईला कोणी घेऊन गेलं, असं ती म्हणाली होती. मला वाटलं, जान्या घेऊन गेला असेल.

“त्या माणसाने नाव काय सांगितलं, मामा?”

“बाज्या.”

खाली गोदामात कोणीतरी पोतं आपटलं आणि आम्ही चौघंही एकदम शिंकलो. हे नाव त्या खोलीच्या बाहेर कोणालाही माहीत नव्हतं.

३

मी काही बावळट नाही. आधी टीमला विचारलं, तुमच्यापैकी कोणी हे नाव बाहेर बोललं का? तिघांनीही नाही म्हणून मान हलवली. मग नंदुरबारच्या दवाखान्यात विचारलं. रेवाबाई नावाचं कोणी आलं नव्हतं. आता आमच्या बाया दवाखान्यात नाव काय सांगतील याचा नेम नसतो, हेही खरं. कोणी भला माणूस असेल, एखाद्या दुसऱ्या संस्थेचा. योगायोगाने बाज्याच असेल नाव. जगात बाज्या काय एकच आहे? असं मी स्वतःला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा पटलंही.

मग दुसऱ्या टोळ्यांचे आकडे यायला लागले. सोळाची टोळी सतरा. नवाची टोळी दहा. मी एकेका मुकादमाला फोन केला. सगळ्यांकडे आमचा माणूस होता आणि सगळे त्याच्यावर खूश होते. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला तो तीन पडावांवर होता, एकमेकांपासून साठ-सत्तर किलोमीटर लांब. मी तिन्ही वेळा कागदावर मांडल्या, त्याकडे बघत बसले आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्याच दिवशी इंद्रसिंगभाऊंना सांगायला हवं होतं. सांगणारही होते. पण शनिवारी मुंबईहून पाहुणे आले. मुकादमांचं कौतुक इंद्रसिंगभाऊंच्या कानावर गेलं होतं. त्यांनी पाहुण्यांना पडद्यावर माझी चॅट दाखवली आणि ते म्हणाले, “कोणी एक ओळ लिहू द्या, दहा मिनिटांत आमचा माणूस तिथे हजर असतो. आणि ही सगळी करामत आमच्या ममताची.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई उठून माझ्या जवळ आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. कुडाच्या घरातून निघून मी शाळेची मराठी हट्टाने शिकले, मग कॉम्प्युटर शिकले. आमच्या पाड्यावरून हे शिकलेली पहिली मुलगी मीच. आमच्या लोकांची हाक कोणी ऐकत नाही, हे मी जन्मापासून बघितलंय. आता ऐकली जात होती, ती माझ्यामुळे. असला कोणी माणूस आम्ही पाठवत नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं.

४

रविवारी रिनाचा फोन आला. पडावावरून लिहिलेलं कसंबसं जातं, पण बोलायला टेकाडावर चढावं लागतं, त्यामुळे ती धापा टाकत होती. रिनाला पाचवा महिना. ‘या वर्षी जाऊ नकोस’ म्हणून मी तिच्याशी भांडले होते, पण ऐकेल तर ती माझी बहीण कसली! घरी आम्ही भिलीत बोलतो. ते इथे मराठीत लिहिते, नाहीतर तुमची पंचाईत.

“रिना, तो बाज्या दिसतो कसा?”

“कसा म्हणजे? माणसासारखा. नीट सांगता नाही येत ताई. तो उन्हाकडे पाठ करून उभा राहतो. दारात येतो, आपण फोनवर जे लिहिलेलं असतं ते जसंच्या तसं म्हणून दाखवतो. मग म्हणतो, पोचलो.”

“तुला भीती नाही वाटत?”

“कशाला वाटेल? तुझा आहे तो. मी सगळ्या बायांना सांगते, माझ्या ताईने पाठवलाय.” तिचा आवाज असा फुलला होता की मी विषय बदलला.

“आणि रेवाबाई कशी आहे?”

“ठणठणीत. थकतच नाही आता. काल दिवसभर तोडलं, पाणीसुद्धा प्यायली नाही. बसत नाही गं ती. काम संपलं तरी उभीच असते. दोधूमामा म्हणतो, देव पावला.” ती हसली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “पण मामा तिच्याकडे बघत नाही.”

मी तिला म्हटलं, “ऐक. तुला काही झालं तरी त्याच्याबरोबर जायचं नाही. मी येईन.”

“तू? ऑफिस सोडून?”

“मी स्वतः येईन. माझा शब्द आहे.”

“मग काय,” ती म्हणाली, “तू बोललीस म्हणजे झालं.”

फोन ठेवल्यावर मी ती जोडणी पडद्यावर उघडली. खाली लाल बटण होतं, ‘जोडणी काढा’. दाबलं असतं तर हे सगळं थांबलं असतं का, कोण जाणे. पण मग टोळ्यांचं लिहिलेलं पुन्हा तसंच न वाचता पडून राहिलं असतं, आणि मला इंद्रसिंगभाऊंना कारण सांगावं लागलं असतं. आदल्या दिवशीच्या टाळ्यांनंतर कोणत्या तोंडाने सांगणार? मी पान बंद केलं.

५

बुधवारी सव्वाअकराला टिंग वाजली.

‘बाज्या: दोधू टोळी. रिना लिहिते: सकाळपासून पोटात दुखतंय. ताईला सांगा.’

मी लाल बटण दाबलं. तीन दिवसांचं काम तीन सेकंदांत गेलं, आणि तेव्हा मला त्याचं काहीही वाटलं नाही. इंद्रसिंगभाऊ “अगं, अगं” म्हणत उठले. मी म्हटलं, “भाऊ, बहिणीला आणायला चाललेय, बाकीचं आल्यावर सांगते.” खालच्या चौकातून ओळखीच्या शिवाजीची जीप काढली आणि निघालो.

विसरवाडी गेली, नवापूर आलं. कोंबड्यांच्या शेडचा वास जीपमध्ये भरला. गुजरातची हद्द ओलांडली. मी सारखी फोन लावत होते, तो लागत नव्हता. लिहिल्यापासून दहा मिनिटं, दहा मिनिटं, हेच डोक्यात चाललं होतं. दहा मिनिटं होऊन दोन तास झाले होते.

पडाव दोन किलोमीटरवर राहिला असेल. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, वळणावर एक उसाचा ट्रॅक्टर रुतून रस्ता अडला होता. आणि त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, रिना उभी होती. एकटी.

मी जीप थांबायच्या आत उडी मारली. तिला कवटाळलं. रडले. “इथे कशी आलीस?”

“चालत,” ती म्हणाली.

“दुखतंय अजून?”

“आता नाही.”

“बाज्या आला होता?”

“नाही.”

जान्या तोडणीला गेलाय म्हणाली. फोन पडावावर राहिला म्हणाली. खरं तर पुढे जाऊन दोधूमामाला सांगायला हवं होतं, पण ट्रॅक्टर निघायची लक्षणं दिसेनात, आणि मला तिला आधी दवाखान्यात न्यायचं होतं. पोचल्यावर फोरमवर लिहू, असं ठरवलं आणि शिवाजीला जीप वळवायला सांगितली. रिना चढताना तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. नहराच्या त्या चिखलातून आलेली, पण टाचा कोरड्या होत्या. माझी बहीण पहिल्यापासूनच टापटिपीची.

नंदुरबारला नर्सने तिला तपासलं. “सगळं अगदी छान आहे,” म्हणाली. मी इंद्रसिंगभाऊंना फोन करून सांगितलं, की मी स्वतः गेले आणि बहिणीला घेऊन आले. त्यांना जोडणीबद्दल विचारायचं होतं. मी म्हटलं, उद्या. त्या दिवशी मला कोणी काहीही विचारलं असतं तरी मी जिंकलेच होते.

६

गुरुवारी मी रजा घेतली आणि रिनाबरोबर माझ्या घरीच राहिले. सकाळी आईला फोन लागला.

“तू स्वतः गेलीस?” आईने विचारलं.

“स्वतः गेले.”

“शाब्बास गं माझी वाघीण.”

आई आयुष्यात कधी असं बोलली नव्हती. मी फोन धरून वेड्यासारखी हसत उभी राहिले. आत रिना भांडी घासत होती. मी तिला चार वेळा म्हटलं असेल, बस जरा, अशा दिवसांत इतकं काम करू नये. ती “हो” म्हणायची आणि घासत राहायची. कालपासून तिने काही मागितलं नव्हतं, कसली कुरकूर केली नव्हती. आमची रिना इतकी शहाणी कधी झाली, याचं मला कौतुकच वाटत होतं.

पावणेबाराला मला आठवलं, की दोधूमामाच्या पानावर लिहायचं राहूनच गेलं. बिचारे काळजीत असतील. मी फोनवर फोरम उघडला. त्या पानावर न वाचलेलं बरंच काही होतं. जोडणी मी काढली होती, त्यामुळे कालपासून एकही टिंग वाजली नव्हती.

‘काल, १:४०. रिना: ताई, बाज्या आला. सगळे म्हणतायत जा. मी गेले नाही. मी सांगितलं, माझी ताई स्वतः येणार आहे.’

‘काल, ३:१०. रिना: निघालीस ना?’

‘काल, ६:२५. रिना: जान्या गाडी बघायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. म्हटलं, ताई वाटेत असेल, चुकामूक व्हायची. तिने शब्द दिलाय.’

‘आज, ७:५०. दोधू: बेन, पोर ऐकत नही. ताई येई म्हणस. तू कठे शे?’

‘आज, ११:३२. रिना: ताई, फार दुखतंय. रक्त जातंय. बाज्या दारात उभा आहे. मी अजून नाहीच म्हणतेय.’

मी घड्याळ बघितलं. पावणेबारा वाजून दोन मिनिटं झाली होती. मी रिनाचा नंबर लावला. लागला नाही. दोधूमामाचा लावला, तोही लागला नाही. मग लिहिलं, ‘रिना, निघाले. बाज्याने ये म्हटलं तरी जाऊ नकोस. मी निघाले.’ पाठवलं. ते तिच्यापर्यंत कधी पोचेल ते तिच्या टेकाडावरच्या वाऱ्यालाच ठाऊक. शिवाजीला फोन केला. तो म्हणाला, पाच मिनिटांत दारात येतो.

हे सगळं मी एक शब्दही मोठ्याने न बोलता केलं होतं. शिवाजीशीसुद्धा कुजबुजत बोलले होते. आतला भांड्यांचा आवाज कधी थांबला, ते मला कळलं नाही.

मी चप्पल घालायला वाकले. मागच्या खिडकीतून दुपारचं ऊन सरळ आत येत होतं आणि तिची सावली दारातून माझ्या हातावर पडली. मी वर बघितलं. ऊन तिच्या पाठीमागे होतं, त्यामुळे तोंड दिसलं नाही. हात कोरडे होते.

“ताई,” रिनाच्या आवाजात ती म्हणाली, “मीही येते.”